घाव तेवढा मोड

पैनगंगेच्या दक्षिण काठाला, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेला-जैनथच्या पट्ट्यात, अशी कितीतरी गावं आहेत जिथं घरात मराठी बोलतात, बाजारात तेलुगू आणि रानाकडे वळलं की गोंडी कानावर येते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या तेव्हा याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. माणसं होती तिथंच राहिली. यातल्याच एका गावात एक हाडवैद्य होता. गावाचं नाव घेत नाही. ही गोष्ट त्या काठावरच्या कुठल्याही गावाची होऊ शकते.

लोक त्यांना आबा म्हणत. आधी बैलांचे पाय बांधायचे, मग माणसांचे बांधू लागले. ओसरीत बांबूच्या कामट्यांची जुडी, जुन्या धोतराच्या पट्ट्या, डब्यात उडदाचं पीठ आणि परसातल्या कुंपणावर चढलेली कांडवेल. पैसे ठरवत नसत. नारळ आणि कोणी देईल ते. पण मोडलेल्या हाताला हात लावण्याआधी विचारपूस इतकी करत, की कण्हणारा माणूस चिडायचा. किती उंचावरून पडलास? खाली माती होती की दगड? लगेच सुजलं की रात्री? आबांच्या गुरूनं त्यांना एकच गोष्ट बजावली होती : जेवढा घाव तेवढा मोड. हा हिशोब जुळला तर बांध. नाही जुळला तर तो हात तुझा नाही.

हाडवैद्यांचं कौतुक करायला मी हे लिहीत नाही. घट्ट पट्टीखाली बोटं काळी पडून हात गमावलेली मुलं या देशात थोडी नाहीत, आणि मोडलेला दंड चोळून चोळून हाडाला लगटून जाणारी शीर दुखावल्यानं मनगट लोंबकळत राहिलेली माणसंही. आबांकडे कामट्या होत्या तशा इतरांकडेही होत्या. आबांकडे तो हिशोब होता, म्हणून ही गोष्ट त्यांची.

नवरात्र चार दिवसांवर आलं होतं आणि घरोघरच्या गोधड्या नदीवर निघाल्या होत्या. एका घरातली सासू, साठीची, आणि तिची सून अशा दोघी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. ओली गोधडी दोन टोकांना धरून त्या पिळायला लागल्या, एकीनं एकीकडे पीळ दिला, दुसरीनं दुसरीकडे. तिसऱ्या पिळाला सासूच्या उजव्या दंडातून ‘कट्’ असा आवाज आला. पलीकडच्या दगडावर धुणं आपटणाऱ्या बायांनीही तो ऐकला. गोधडी सुटली. खांदा आणि कोपर यांच्या मधेच दंड वाकला होता.

या दोघींचं पटत नव्हतं हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. उन्हाळ्यात बचत गटाच्या पैशांवरून तोंडातोंडी झाली होती, तीही अंगणात, चारचौघांदेखत. त्यामुळे सकाळी नदीवर जे ‘गोधडी पिळताना हात मोडला’ होतं, ते दुपारपर्यंत ‘सुनेच्या हातून मोडला’ झालं आणि दिवेलागणीला ‘सुनेनं पिरगाळला’ झालं. कोणी मुद्दाम खोटं बोललं असं मला वाटत नाही. गोधडी पिळून माणसाचा दंड मोडतो यावर कोणाचा विश्वास बसेना, आणि रिकाम्या राहिलेल्या कारणाच्या जागी लोकांनी आपल्याला आधीपासून माहीत असलेलं भांडण नेऊन बसवलं.

गावच्या आरएमपी डॉक्टरनं दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि हात गळ्यात अडकवला. अशी इंजेक्शनं ती सहा महिने घेतच होती, कमरेसाठी. कंबर धरते, दम लागतो, अन्न जात नाही, सारखी तहान लागते. सगळ्याला घरानं आणि गावानं एकच उत्तर देऊन ठेवलं होतं, की वय झालं.

दुसऱ्या दिवशी मुलानं तिला आबांच्या ओसरीवर आणलं. सून मागं, चार पावलं अंतर ठेवून.

“कशानं मोडला, बाई?”

“गोधडी पिळत होतो, आबा.”

“दुसऱ्या टोकाले कोण होतं?”

“सून.”

“तिनं हिसका देल्ला?”

सासू गप्प झाली. तिनं एकदा मुलाकडे पाहिलं. मग म्हणाली, “देल्ला असंन.”

त्या ‘असंन’वर मी बराच विचार केला आहे. काल नदीत उभी असताना तिला हिसका जाणवला नव्हता. पण रात्रभर येणारी प्रत्येक बाई तिला तेच विचारत होती, आणि वेदना एवढी मोठी होती की तिला कोणीतरी कर्ता हवा होता. माणसाची आठवण अशा वेळी वाकते. सुनेनं ते ऐकलं आणि पदर तोंडाशी नेला, बोलली मात्र नाही.

आबांनी दंडाची कातडी चहूबाजूंनी पाहिली. पिरगाळल्याचे बोटांचे वळ नव्हते. मोडाच्या मानानं सूजही कमी होती. मग त्यांनी वेगळंच विचारायला सुरुवात केली.

“दंड आधी ठणकत होता?”

“महिना झाला. रातच्यानं त्या कुशीवर झोपता येत नोतं.”

“कंबर?”

“थे तं उन्हाळ्यापासून.”

आबांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला रंग कागदासारखा पांढरा होता. बरगडीवर नुसतं बोट टेकवलं तर ती कळवळली. आबा मागं सरले.

“गोधडीच्या पिळानं दंड मोडत नाई,” ते मुलाला म्हणाले. “मोडला, म्हंजे हाड आधीच गेलं होतं. सुनेकडं पाहू नको. मायले आदिलाबादले ने, फोटो काढ.”

मुलगा म्हणाला, कापूस फुटायला लागलाय, वेचणीला माणसं मिळत नाहीत, दसरा झाला की नेतो. तोवर तुम्ही बांधा. आबांनी सैलसर बांधलं, हाताला नुसता आधार राहील इतकंच. चोळलं नाही, कांडवेलीचा लेपही लावला नाही. निघताना मुलाला पुन्हा बजावलं. पण एकदा कामट्या बांधल्या गेल्या की घराला वाटतं काम झालं.

दसरा होऊन गेला. ते दिवस सुनेनं कसे काढले असतील! नवरा बोलत नव्हता. नळावर ती गेली की बायांचं बोलणं थांबायचं. माहेरून तिचा भाऊ न्यायला आला. ती म्हणाली, “मी गेली तं थे खरं ठरंन,” आणि सासूच्या अंथरुणाजवळ परत जाऊन बसली. सासूला जेवू घालायला, केस विंचरायला, बाहेर न्यायला तीच होती. उजवा हात गेलेल्या बाईला दुसऱ्याचा हात किती लागतो हे त्या दोघींनाच कळलं असेल.

एकविसाव्या दिवशी आबांनी पट्टी सोडली. एवढ्या दिवसांत मोडाभोवती गाठ धरायला लागते आणि टोकं हलायची थांबतात. दंडाचं हाड तसं गुणी आहे. बाहेरून नीट आधार मिळाला तर बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आत आपलं आपण जुळून येतं. इथं दंड पहिल्या दिवसासारखाच मधे वाकत होता. आबांनी आत जाऊन घेतलेले पैसे आणले आणि मुलाच्या हातावर ठेवले.

“हे माह्या हातचं नाई.”

गावात बोललं गेलं की आबांचा हातगुण गेला, म्हातारे झाले. एकानं तर नांदेडकडच्या दुसऱ्या हाडवैद्याचा पत्ताही दिला. आबांनी ते मारुतीच्या पारावर बसून ऐकलं आणि तिथंच, सगळ्यांसमोर म्हणाले, “हात नाई जुळला, थे मी कबूल करतो. पण पोरीनं मोडला असता तं आतापर्यंत गाठ धरली असती. पिरगाळलेलं हाड जुळते.”

या वाक्यात त्यांनी आपली पत खर्ची घातली आणि एका पोरीची वाचवली. चाळीस वर्षांच्या नावावर पाणी सोडणं सोपं नसतं. मला या साऱ्या गोष्टीत हीच जागा सगळ्यात मोठी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आबा स्वतः त्यांच्यासोबत आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात गेले. एक्स-रे झाला. तिथं एक शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, भैंशाकडची, मराठी बोलणारी. तिनं फिल्म उजेडासमोर धरली. दंडाच्या हाडात मोड होता, आणि मोड जिथं होता तिथं हाडच पोखरलेलं होतं. मग तिच्या वरिष्ठांनी डोक्याचा फोटो काढायला सांगितला. कवटीत गोल, कडा कातरल्यासारखी भोकं दिसली. रक्त निम्म्याच्या आसपास उतरलेलं, मूत्रपिंडांवर ताण, रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं. तहान कशाची होती ते आता कळलं.

“हाडाच्या आत मगज असते, तिथं रक्त तयार होतं,” ती मुलाला समजावत होती. “त्या मगजेतल्या एका जातीच्या पेशी बेसुमार वाढल्यात. याला मल्टिपल मायलोमा म्हणतात. हा रक्ताचा कॅन्सर आहे. आपल्या हाडात रोज थोडं जुनं खाल्लं जातं आणि थोडं नवं भरलं जातं. या पेशी खाणाऱ्यांना चेव आणतात आणि भरणाऱ्यांना झोपवतात. वाळवी लागलेलं आढं वरून धड दिसतं तसं झालं होतं. म्हणून एवढ्याशा पिळानं मोडलं, आणि म्हणूनच जुळत नाही.”

मुलगा म्हणाला, “पण मॅडम, नुसत्या गोधडीनं?”

तेव्हा तिनं त्याला एक जुनी हकीकत सांगितली. लंडनमध्ये सारा न्यूबरी नावाची बाई होती, वय ३९. बरेच दिवस थकवा, अंगभर दुखणं. एक दिवस तिच्या नवऱ्यानं तिला उचलून पलंगावर ठेवलं आणि तेवढ्यात तिच्या मांड्यांची हाडं मोडली. पुढं दंडाचंही मोडलं. १८४४ साली सेंट थॉमस रुग्णालयात ती वारली. सॅम्युएल सॉली या सर्जननं तिची हाडं तपासली तेव्हा आत मगजेच्या जागी लालसर लगदा भरलेला होता. या आजाराच्या अगदी पहिल्या नोंदींमधली ती एक.

“त्या नवऱ्यानं काय केलं होतं?” डॉक्टर मुलीनं विचारलं. “बायकोला पलंगावर ठेवलं होतं.”

मुलगा खाली बघत राहिला. बाहेर बाकावर बायको बसली होती, सासूची पिशवी मांडीवर घेऊन. तो उठून बाहेर गेला. तिथं काय बोलणं झालं ते आबांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

डॉक्टर मुलीनं आणखी एक गोष्ट निक्षून सांगितली : दुखणं थांबायची ती इंजेक्शनं आणि गोळ्या बंद. मायलोमात मूत्रपिंडं आधीच अडचणीत असतात, आणि ही औषधं त्यांना आणखी ढकलतात. सहा महिने कमरेसाठी जे चाललं होतं त्यानं ठणका तेवढा दबला, आजार आत वाढत राहिला आणि मूत्रपिंडं झिजली. साठीच्या माणसाची कंबर महिनोन्‌महिने दुखते आहे आणि रक्तही कमी आहे, ही दोन दुखणी एकत्र आली की साध्या रक्त-लघवीच्या तपासणीतून शंका घेता येते. हे आपल्याकडे गावोगाव सांगितलं जायला हवं, भिंतीवर लिहून.

आबा कोपऱ्यात उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी विचारलं, असं आणखी कशानं होतं? मुलीनं त्यांना बसवून सांगितलं. गोंड आणि कोलाम गुड्यांमध्ये सिकलसेल आढळतो. त्यात हाडाचा रक्तपुरवठा अडतो, हाड मरतं, कधी त्यात पू होतो. विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर वर्षानुवर्षांनी हाडं जड पण ठिसूळ होतात. उन्हं आणि सकस खाणं कमी पडलं तर ती मऊ होतात. हाडात क्षय बसतो. स्तनाचा किंवा फुप्फुसाचा कॅन्सर हाडात उतरतो. लहान मुलांत दंडाच्या वरच्या टोकाला पाण्याची पोकळी होते. आबा प्रत्येक नावावर मान हलवत होते. इतक्या वर्षांत न जुळलेले किती हात त्यांना त्या वेळी आठवले असतील!

पुढचे उपचार हैदराबादला, पंजागुट्ट्याच्या निम्स रुग्णालयात. आरोग्यश्री या सरकारी उपचार योजनेचं कार्ड होतं. २०२३ च्या डिसेंबरपासून त्याची मर्यादा कुटुंबामागे दहा लाखांवर गेली आहे. सोबत कोण जाणार हा प्रश्न आला. मुलाला वेचणी होती. सून तेलुगू शाळेत दहावीपर्यंत शिकलेली, खिडकीवरच्या पाट्या वाचणारी घरात ती एकटीच. कृष्णा एक्सप्रेसमध्ये दोघी समोरासमोर बसल्या. जिच्यावर हात मोडल्याचा आळ होता तिच्याच हातात सासूचे सगळे कागद होते.

दंडात आतून लांब खिळा बसवला, मोडाच्या जागी किरणं दिली, आणि मग मूळ आजारावर औषध सुरू झालं : आठवड्याला पोटाच्या कातडीखाली बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइडची कॅप्सूल, ठरावीक दिवशी स्टिरॉइडच्या गोळ्या. हाडांची झीज थांबवायला सलाईनमधून वेगळं औषध, त्याआधी दातांची तपासणी. हा आजार मुळासकट जात नाही. तो दाबून ठेवता येतो, कित्येकांत बरीच वर्षं. डॉक्टरांनी तेही लपवलं नाही. सासूनं विचारलं, “मंग एवढं कायले करायचं?” सून म्हणाली, “आत्याबाई, तुमी आधी जेवून घ्या.”

खिळ्यानं हात उभा राहिला, पण हाड भरायला लागलं ते आजार दबल्यावरच. होळीच्या सुमाराच्या फोटोत मोडावर नव्या हाडाची धूसर रेघ दिसली. पोळ्यापर्यंत ती भरून आली. साध्या मोडाला जे तीन महिने लागतात त्याला इथं जवळजवळ वर्ष लागलं. अजून ती त्या हातानं घागर उचलत नाही, पण भाकरी थापते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच, हात गळ्यात असतानाच, ती बायांमध्ये बोलली होती. कोणी विचारलं नव्हतं. म्हणाली, “मी आबांसमोर ‘देल्ला असंन’ म्हणली होती. तिनं हिसका देल्ला नोता. मले माहीत होतं.” मग सुनेला जवळ बोलावून डाव्या हातानं तिला कुंकू लावलं. नळावर गप्प होणाऱ्या बाया तिथंच होत्या. एकदोघी रडल्या. एकीनं वाण घेतलं आणि न बोलता निघून गेली. सगळ्यांनाच असं ऐकणं जमत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आबांच्या ओसरीवर अकरा वर्षांचा एक मुलगा आला. चेंडू जोरात फेकला आणि दंड खांद्याजवळ मोडला. बाप भांबावलेला, आणि बापाचा मोठा भाऊ त्याला सगळ्यांसमोर दरडावून विचारत होता, खरं सांग, पोराला मारलंस का? बाप कधीमधी दारू प्यायचा, त्यामुळे त्याच्या ‘नाही’वर कोणी विश्वास ठेवेना. आबांनी पोराचा हात त्याच्या छातीशी नुसता टेकवून बांधला आणि विचारपूस सुरू करणार, तोच कुंपणापलीकडून ती सासू आत आली. मोठ्या भावाला म्हणाली, “थांब. आधी फोटो निघू दे. मंग भांडा.”

त्याच दुपारी ते रिम्सला गेले. फोटोत दंडाच्या वरच्या टोकाला पाण्यानं भरलेली पोकळी निघाली, वाढत्या वयात होते ती. डॉक्टर म्हणाले, मोड जुळेल, पण पोकळी बहुधा तशीच राहते. ती भरते की वाढते हे बघत राहायला हवं. तोवर झाडावर चढणं बंद, कुस्ती बंद. पुढचा फोटो तीन महिन्यांनी. बापानं ती तारीख आबांकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेतली, आणि मोठा भाऊ म्हणाला, त्या दिवशी मीच घेऊन जातो.